दहा मिनिटांच्या जाळ्यात आलेली अंडी

आमच्या घराच्या मागे, गोठ्याला लागून, पूर्वी पेंडीची पोती ठेवायची एक खोली होती. आता तिथे एक टेबल आहे, टेबलावर मायक्रोस्कोप आहे, आणि तिन्ही भिंतींना फळ्या ठोकलेल्या आहेत. फळ्यांवर काचेच्या बाटल्या. श्रीरामपूरजवळच्या आमच्या बेलापुरात कोणी पाहुणा आला आणि चुकून त्या खोलीत डोकावला तर विचारतो, लोणच्याचा धंदा सुरू केला काय? मी सांगते, समुद्र आहे तो. लोक हसतात. पण तो खरंच समुद्र आहे. कोकणातल्या एका बंदरासमोर, ठरलेल्या जागी, दहा मिनिटं ओढलेल्या बारीक जाळ्यात जे काही आलं ते प्रत्येक बाटलीत आहे. त्यातून माशांची अंडी आणि अंड्यातून नुकती सुटलेली पिल्लं निवडून काढायची, ओळखता येतील तेवढी ओळखायची आणि मोजायची, हे मी वीसेक वर्षं करत आले. नोकरी म्हणून नाही. कशाला म्हणून, ते मला अजूनही एका वाक्यात सांगता येत नाही.

सुरुवात सरांमुळे झाली. माझं माहेर जामखेडकडचं. आमच्या शिवारात पाणीच बेताचं, तिथे मासा कुठून दिसणार? कॉलेजसाठी नगरला आले तेव्हा सर आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायचे. ते मूळचे कोकणचे. अभ्यासक्रमात बेडूक आणि झुरळ असायचं, सर मात्र पाच मिनिटांत समुद्रावर यायचे. मागच्या बाकावरच्या पोरी हसायच्या. मी हसायचे नाही, कारण मी समुद्र पाहिला नव्हता आणि मला सगळं खरं वाटायचं.

माझं लग्न होऊन मी बेलापूरला आले. ऊस, कांदा, दोन म्हशी, नवरा आणि सासूबाई. सर निवृत्त होऊन आपल्या गावी गेल्याचं कळलं होतं. मग एक दिवस त्यांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं की निवृत्तीनंतर गावातल्या एका ओळखीच्या तांडेलाच्या होडीतून ते दर महिन्याला, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, एकाच जागी जाळं ओढतात. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, तोच सुकाणू धरतो. जाळं गाळणीच्या कापडासारखं बारीक, तोंडाशी रुंद आणि शेपटीला निमुळतं. त्यात येतं ते फॉर्मलिनमध्ये घालून ठेवतात. पण पुढचं काम आता त्यांना जमत नव्हतं. "हात थरथरतात," त्यांनी लिहिलं होतं. "एक अंडं उचलायला जातो आणि शेजारची दोन फुटतात. प्रॅक्टिकलला तू सगळ्यात सावकाश काम करायचीस, म्हणून तुला विचारतो."

मी नवऱ्याला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "त्यात काय, पेंडीची खोली मोकळी करून देतो." त्याला वाटलं असेल, वर्षभराचं खूळ असेल.

पहिली पेटी एसटीच्या पार्सलने श्रीरामपूरला आली. भुशात नीट बसवलेल्या बाटल्या, आणि सरांचा जुना मायक्रोस्कोप वेगळ्या खोक्यात. पेटी उघडल्याबरोबर तो डोळ्यांत चुरचुरणारा वास घरभर गेला. सासूबाई पदर नाकाला लावून आल्या. मी त्यांना आत्या म्हणते.

"ह्ये काय हाय?"

"माशांची अंडी, आत्या. आणि पिल्लं."

"जित्ती?"

"नाही."

"मग मेल्याली पिल्लं मोजून काय करनार तू?"

मी म्हणाले, सरांनी सांगितलंय. त्या म्हणाल्या, "गुरूचं काम हाय व्हय? मग कर. पर माझ्या सैपाकघरात ती बाटली आनायची न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक वेगळी बादली, वेगळा तांब्या आणि एक जुना टॉवेल काढून दिला, आणि त्यांना खूण म्हणून लाल दोरा बांधला.

काम असं. बाटलीतलं सगळं गाळून साध्या पाण्याने धुवायचं, थोडं थोडं काचेच्या थाळीत घ्यायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघत निवडायचं. आधी काहीच ओळखू येत नाही. सगळा गाळ. मग हळूहळू डोळा बसतो. कोळंबीची पिल्लं, खेकड्यांची पिल्लं, आणि त्यांच्यामध्ये काचेच्या मण्यासारखं एक अंडं. मोहरीपेक्षाही बारीक, आरपार दिसणारं. आत तेलाचा एक थेंब. काही अंड्यांत बाळ वाढलेलं असतं, दोरा गुंडाळून ठेवावा तसं, आणि त्याला दोन डोळे असतात. पहिल्यांदा ते डोळे दिसले तेव्हा मी उठून बाहेर आले आणि पाणी प्यायले.

सरांनी मला पत्रातून आणि मग फोनवरून शिकवलं. तारलीचं अंडं कसं, बांगड्याचं कसं. काही अंडी गोल नसतात, तांदळाच्या दाण्यासारखी लांबट असतात. लेप्याच्या अंड्यात तेलाचा एकच थेंब नसतो, बारीक बारीक पुष्कळ थेंब असतात. निम्म्याहून जास्त अंडी कुणाची, हे मला आजही सांगता येत नाही, आणि सर म्हणायचे की न येणं चालेल, पण अंदाजाने नाव लिहिणं चालणार नाही. "अनोळखी असं लिही. अनोळखी हीसुद्धा माहिती आहे." त्यांचा दुसरा नियम होता, कारण सांगायचं नाही. "आपण मोजतो. कारण सांगायला आपल्यापेक्षा मोठी माणसं आहेत."

प्रत्येक बाटलीत कागदाचा एक तुकडा असायचा, पेन्सिलीने लिहिलेला, कारण शाई विरघळते. तारीख, वेळ आणि एक ओळ. "वारा दक्षिन. पानी गढूल." "लाट लई. जालं एकदा अडकलं." हे तांडेलाचं अक्षर होतं. सर पुढे पुढे होडीत जाऊ शकत नव्हते, तेव्हा तोच एकटा जाऊन जाळं ओढायचा आणि बाटली सरांच्या ओट्यावर ठेवायचा. पावसाळ्यात होड्या बंद असतात ते दोन महिने सोडले तर त्याने कधी खाडा केला नाही. मी त्याला पाहिलं नव्हतं. पण त्याच्या 'ल'चा पाय कसा वळतो ते मला माहीत होतं.

पंधरा-सोळा वर्षं अशीच गेली. मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली, पुण्याला गेली. जाताना माझी वहीतली मोजणी तिने कम्प्युटरवर चढवून दिली. मला विचारलं, "आई, हे वापरतं कोण?" मी म्हणाले, "सरांकडे असतं."

बदल कधी सुरू झाला असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. तो मला आधी दिसलाच नाही. तो आत्यांना दिसला.

दिवाळीनंतरची एक बाटली होती. मी खोलीतून बाहेर आले तेव्हा त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आज लवकर झालं?"

"झालं."

"न्हाई, आजच न्हाई. मागल्या साली बी तू लवकरच यायचीस. आधी दोन-दोन दिस लागायचे तुला. म्हशीची धार काढायला हाका माराव्या लागायच्या."

खरं होतं. दिवाळीनंतरची बाटली पूर्वी दोन दिवस पुरायची. आता जेवायच्या आत संपत होती.

मला पहिली भीती वाटली ती स्वतःची. वाटलं, माझे डोळे गेले, माझ्याकडून अंडी सुटतात. श्रीरामपूरला जाऊन चष्म्याचा नंबर बदलून आणला. मग निवडून झाल्यावर बाटलीत परत घातलेला तोच माल पुन्हा थाळीत घेऊन बघितला. सुटलेलं फार काही निघालं नाही. मग जुन्या बाटल्यांची मोजणी काढली आणि एकाच महिन्याची पानं शेजारी शेजारी ठेवली. दिवाळीनंतरचा महिना, वर्षामागून वर्ष. नवरा दारात उभा होता. त्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "डोळे ठीक आहेत."

सरळ कमी कमी होत गेलं असतं तर समजायलाही सोपं गेलं असतं. तसं नव्हतं. एखाद्या महिन्यात बाटली भरून अंडी यायची, पण सगळी एकाच जातीची. पूर्वी त्याच महिन्यात सात-आठ तऱ्हा दिसायच्या. जी हिवाळ्यात यायची ती उन्हाळ्याच्या तोंडाशी यायला लागली, आणि काही वर्षांनी तिथेही दिसेनाशी झाली. लांबट अंडी गेली. आधी मला वाटलं या महिन्यात नाहीत, मग वाटलं या वर्षी नाहीत, आणि एक दिवस लक्षात आलं की मी त्यांना शोधणंच सोडलंय. त्यांच्याऐवजी थाळीत यायचे ते जेलीसारखे बिलबिलीत गोळे, चमच्याने काढून टाकावे लागतील इतके. आणि निळे-हिरवे बारीक धागे, नायलॉनचे. पहिल्यांदा धागा दिसला तेव्हा मी तो माझ्या साडीचा समजून काढून टाकला होता. मग तो दर बाटलीत यायला लागला.

सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

"तुला आत्ता दिसलं?"

"तुम्हाला माहीत होतं सर?"

"तुझी मोजणीची पत्रकं येतात ना माझ्याकडे. चार वर्षं झाली, मी बघतोय. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू कमी शोधलं असतंस, किंवा जास्त शोधलं असतंस. मोजणाऱ्याला आधी सांगू नये."

"मग आता काय करायचं?"

"पुढची बाटली येईल. ती मोज."

मला राग आला, पण राग धरायला जागा नव्हती. पाणी तापत असेल, मोठ्या बोटी लहान भोकाचं जाळं लावून सगळं खरवडून नेत असतील, वरून कुठून रसायनाचं पाणी येत असेल. यातलं काय खरं आणि किती खरं, हे बेलापूरच्या पेंडीच्या खोलीतून कसं कळणार? माझ्यासमोर फक्त थाळी होती.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, जानेवारीत, एका अनोळखी नंबरावरून फोन आला. "ताई, मी जालं ओढतो तो. सरांकडून नंबर घेतला. आमी शिर्डीला आलोय, गाडी करून, गावातली मानसं. तुमचं बेलापूर लांब हाय काय?"

मी म्हणाले, लांब कसलं, यायलाच पाहिजे. नवरा मोटरसायकलवर श्रीरामपूरपर्यंत गेला आणि तिथून त्यांना रिक्षात बसवून पुढे मागे करत घेऊन आला. तांडेल साठीच्या घरातला, आखूड, रुंद हातांचा माणूस. सोबत त्याची बायको, हिरवं लुगडं, केसांत अबोली. नारळांची पिशवी घेऊन आले होते. आत्यांनी त्यांना चहा दिला आणि वर ऊस सोलून दिला. तांडेलाची बायको ऊस खात आत्यांना म्हणाली, "आमच्याकडं येवरा गोड नाय मिलत." एवढ्यावर दोघींचं जमलं.

तांडेल मात्र चहा अर्धा ठेवून म्हणाला, "ताई, बाटल्या कुठं हायत?"

मी त्याला खोलीत नेलं. तो फळ्यांसमोर उभा राहिला. वरून खाली, मग दुसऱ्या भिंतीला, मग तिसऱ्या. "हे सगलं मी ओढलं?" तो म्हणाला. एक बाटली उचलून आतला कागद वाचला. "अक्षर माजंच." आणि लाजल्यासारखा हसला.

मी थाळीत थोडं पाणी घेतलं, एक वाढलेलं अंडं ठेवलं आणि त्याला मायक्रोस्कोपशी बसवलं. एक डोळा मिटायचा की दोन्ही उघडे ठेवायचे यात त्याचा वेळ गेला. मग तो एकदम थबकला.

"डोले हायत की ह्याला!"

"हो."

"हालत नाय."

"नाही दादा. औषधात आहे ते. गेलेलं आहे."

तो बराच वेळ बघत राहिला. मग बायकोला बोलावलं. तिच्यासाठी मी लेप्याचं पिल्लू काढलं. लेपा म्हणजे तो चपटा मासा, त्याचे दोन्ही डोळे एकाच अंगाला असतात. तिने बघितलं आणि मान हलवली. "ह्यो लेपा नाय. ह्याचे डोले दोन्ही अंगाला हायत."

"लहानपणी तसेच असतात वहिनी. वाढताना एक डोळा सरकत सरकत दुसऱ्या बाजूला येतो. मग तो आडवा होऊन तळाशी बसतो."

"सरकत येतो?" तिने परत डोळा लावला. "सारा जल्म लेपा इकला मी. मला ठाव नाय." ती बाहेर जाऊन आत्यांना हे सांगून आली आणि परत आत आली.

तेव्हा तांडेलाने विचारलं, "ताई, आधीची आन आताची, एकाच म्हैन्याची दाखवा."

मला ते करायचं नव्हतं. निवडलेली अंडी मी वेगळ्या छोट्या कुप्यांत ठेवते. दिवाळीनंतरच्या महिन्याच्या दोन कुप्या काढल्या, एक सुरुवातीच्या वर्षातली, एक गेल्या वर्षाची, आणि त्याच्या हातात दिल्या. जुन्या कुपीत तळाला रव्यासारखा थर होता, बोटभर. नवीन कुपी त्याने उजेडाकडे धरली, तिरकी केली, तेव्हा कुठे चार-दोन कण तळावरून घरंगळले.

दोन्ही कुप्या एकाच तळहातावर ठेवून तो उभा राहिला. मग म्हणाला, "जाल्यात मासा कमी आला की आमी बोलायचो, मासा बाहेर गेला. खोल पान्यात गेला. माजा बाप बी हेच बोलायचा. गेलाय तर येल परत." आणि त्याने विचारलं, "ह्यो कुठं गेला मंग?"

मी सरांसारखं बोलले. मला दुसरं येत नव्हतं. "दादा, ही एकाच जागेची, दहा मिनिटांची गोष्ट आहे. त्यावरून सगळ्या समुद्राचं काही सांगता येत नाही."

त्यावर त्याची बायको म्हणाली, "धा मिंटं कशी ताई? वीस वरसं झाली ना?"

मी तांडेलाच्या तळहातावरून कुप्या उचलून परत फळीवर ठेवल्या.

निघताना तांडेलाने एक गोष्ट मागितली. त्यांच्या बंदरावर मासेमारी खात्याच्या साहेब लोकांबरोबर बैठक होणार होती, मोठ्या बोटींबद्दल. "आमी बोललो की ते बोलतात, तुमी कोली, तुमी सांगनारच. तुमी एक कागद लिवून द्या. मोजलेलं."

मी कागद लिहिला. चार दिवस लिहीत होते. खूप वर्षांत एवढं काळजीपूर्वक काही लिहिलं नव्हतं. सरांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी जिथे जिथे मी "संपत चालली आहेत" असं लिहिलं होतं तिथे "आढळण्याचे प्रमाण घटलेले दिसते" करायला लावलं. जिथे "मोठ्या बोटींमुळे" लिहिलं होतं ते खोडायला लावलं. मी म्हणाले, "सर, मग यात राहिलं काय?" ते म्हणाले, "जे आहे तेच राहिलं." मी स्वच्छ कागदावर उतरवून पोस्टाने पाठवला.

बैठक झाल्यावर तांडेलाचा फोन आला. आवाज बरा होता. "सायेब चांगला मानूस ताई. मला खुर्ची दिली. कागद पुरा वाचला. बोलला, काम लई चांगलं हाय, पन एका होडीचं हाय, एका जाग्याचं हाय. ह्याच्यावर काय ठरवता येत नाय. मी बोललो, मंग तुमची होडी कवा येनार मोजायला? तर हसला."

"आणि?"

"आनी काय. च्या दिला."

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. तेच तर मीही बोलले होते, माझ्या खोलीत, त्याच्या तोंडावर.

पुढच्या हंगामात तांडेलाने होडी विकली. मुलगा आधीच मुंबईकडे कुठल्या गोदामात लागला होता, एकट्याने होडी चालवणं शक्य नव्हतं. त्याने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी मूर्खासारखं विचारलं, "मग आता तुम्ही काय करणार?"

"खलाशी म्हनून चाललो. मोठ्या बोटीवर."

"कुठल्या मोठ्या बोटीवर?"

"त्याच. लाईटवाल्या."

त्या बोटी रात्री पाण्यावर दिवे लावतात आणि दिव्याला जमलेला सगळा मासा, लहान-मोठा, एका फेऱ्यात उचलतात. त्यांच्याविरुद्धच तो बैठकीत बोलला होता. मी काही म्हणाले नाही. मी कोण म्हणणारी? मी एवढंच विचारलं की सरांचं बारीक जाळं घेऊन त्या बोटीवरून, त्याच जागी, महिन्यातून एकदा ओढता येईल का.

"मी इचारलं ताई. तुमी सांगायच्या आधी इचारलं. मालक धा मिंटं बोट थांबवत नाय."

त्यानंतर बाटली आली नाही. सरांनी गावातल्या दोघा-तिघांना गळ घातली. एकाने दोन महिने ओढून दिलं, पण जागा नेमकी साधली नाही, कागदावर तारीखही नव्हती. सर म्हणाले, हे धरू नकोस. मग सर एका सकाळी ओट्यावरून उतरताना पडले. पाय बरा झाला, पण तेव्हापासून त्यांना गोष्टी लक्षात राहीनात.

मी शिल्लक राहिलेल्या बाटल्या मोजून संपवल्या. मग हे सगळं कुठे तरी नीट जावं म्हणून एका कॉलेजात विचारलं. तिथल्या बाईंनी आदराने ऐकून घेतलं. म्हणाल्या, फॉर्मलिन ठेवायला आमच्याकडे परवानगीचा प्रश्न आहे, जागाही नाही, तुम्ही फोटो काढून पाठवा. मी काही फोटो काढले. फोटोत बाटल्या लोणच्यासारख्याच दिसतात.

नवऱ्याने एकदाच विचारलं, "खोली ऱ्हाऊ दे का आता?" मी म्हणाले, राहू दे. तो बरं म्हणाला. आत्या आता थकल्या आहेत, ऐकू कमी येतं, पण अमावस्या झाली की विचारतात, "पार्सल आलं न्हाई?" आणि मी मान हलवली की "गाडीला उशीर झाला आसंल" असं म्हणून पुन्हा पडून राहतात.

सरांचा फोन मात्र येतो. त्यांची सून लावून देते. अमावस्या झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते तिला म्हणतात, मोजणी झाली असेल, विचारायला हवं. पहिल्यांदा मी खरं सांगितलं. "सर, बाटली येत नाही आता. होडी विकली." त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही." मी आणि सुनेने मिळून त्यांना चार वेळा सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात परत तेच झालं, आणि पाचव्यांदा त्यांना तोच धक्का बसला. सून मला हळूच म्हणाली, "ताई, त्या दिवशी ते जेवत नाहीत."

त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांनी विचारलं, "काय आलंय?" आणि मी उठून फळीवरून जुनी वही काढली. सुरुवातीच्या वर्षांतलं, त्याच महिन्याचं पान उघडलं आणि वाचायला लागले. तारली इतकी. बांगडा इतका. लेपा. लांबट अंडी. अनोळखी. सर मध्ये मध्ये "हां, हां" म्हणत होते. लांबट अंड्यांचा आकडा ऐकून म्हणाले, "अरे वा! परत आली की!"

"हो सर," मी म्हणाले.

नवरा दारात चपला काढत होता. त्याने ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाला, "खोटं सांगितलंस?"

"हो."

तो पाय धुवायला गेला.

ज्या माणसाने मला एक अंडंसुद्धा अंदाजाने लिहू दिलं नाही, त्याला मी दर महिन्याला खोटं सांगते. कागदावर लिहीत नाही. तिथले रकाने मी कोरे ठेवले आहेत, महिन्यांची नावं घालून. एवढंच मला करता आलं, आणि त्याने कुणाचं काही भलं होत असेल असं मला वाटत नाही.

परवाच्या फोनला सर जरा वेगळे वाटले. आवाज पूर्वीसारखा होता, वर्गातला. मी पान वाचायला सुरुवात केली तेवढ्यात त्यांनी अडवलं.

"आधी तारीख सांग."

मी गडबडले. समोर पान उघडं होतं, तोंडातून तीच तारीख गेली. वर्षासकट. आणि मग मला कळलं की मी काय केलं.

पलीकडे मागे कुठे तरी त्यांच्या सुनेने भांडं आपटल्यासारखं ऐकू आलं.

"ही तर जुनी बाटली आहे," सर म्हणाले.

सर, माफ करा, एवढं तरी म्हणायचं होतं. तेही जमलं नाही.

मग ते म्हणाले, "बरं. वाच पुढे."

मी वाचत गेले. तारली, बांगडा, लेपा, लांबट अंडी, अनोळखी. या वेळी ते मध्ये काही बोलले नाहीत. पान संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "पुढच्या महिन्याचंही आहे का?" मी म्हणाले, आहे. म्हणाले, "तेही वाच." मी पान उलटलं.